ज्यू धर्मग्रंथांतील ऐतिहासिक लेखन : ईश्वरविषयक विचार

ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथात (ख्रिस्ती परंपरेतील ‘जुना करार’) विधिनियम, संदेष्ट्यांची प्रवचने, स्तोत्रे व नीतिवचने यांच्याबरोबरच इस्राएल लोकांच्या इतिवृत्ताचा एक मोठा भाग आहे. कनान देशातील त्यांचा प्रवेश, शास्त्यांचा अस्थिर काळ, राजसत्तेचा उदय, राज्याची फाळणी, दोन्ही राज्यांचा नाश आणि बाबिलोनमधून परतलेल्यांनी यरुशलेमची केलेली पुनर्रचना, असा हा विस्तृत पट आहे. हे लेखन दरबारी बखरीच्या स्वरूपाचे नाही आणि आधुनिक अर्थाने इतिहासही नाही. घडलेल्या घटनांतून ईश्वराचा मनुष्याशी असलेला व्यवहार उलगडून दाखविणे, हा त्याचा हेतू होय. हा हेतू साधताना लेखकांनी एक कठोर सिद्धांत मांडला : राष्ट्राचे सुखदुःख त्याच्या आचरणावर अवलंबून असते. तथापि ह्या ग्रंथांचे महत्त्व त्या सिद्धांतात जितके आहे, तितकेच त्या सिद्धांताला न जुमानणारी साक्षही त्यांनी पुसून टाकली नाही, ह्यात आहे. पुढील विवेचनात विशेषनामे शक्यतो मराठी बायबलमधील रूढ रूपांत दिली आहेत.

ग्रंथविभाग : हिब्रू परंपरेत धर्मग्रंथाचे तोरा (नियमशास्त्र), नेवीईम (संदेष्टे) व केतुवीम (लेख) असे तीन भाग मानले जातात. यहोशवा, शास्ते, शमुवेल व राजे ही पुस्तके ‘नेवीईम’मध्ये मोडतात आणि त्यांना ‘पूर्वीचे संदेष्टे’ असे म्हणतात. रूथ, एस्तेर, एज्रा-नहेम्या व इतिहास ही पुस्तके ‘केतुवीम’मध्ये येतात. शमुवेल, राजे व इतिहास ह्यांचे प्रत्येकी दोन भाग करण्याची पद्धत ग्रीक भाषांतरापासून रूढ झाली. हीच सर्व पुस्तके ‘ऐतिहासिक’ म्हणून एकत्र लावण्याची प्रथा ख्रिस्ती आहे. ज्यू परंपरेने मात्र राजांची इतिवृत्ते संदेष्ट्यांच्या वर्गात घातली. तालमूदमधील परंपरेनुसार राजे हे पुस्तक यिर्मया ह्या संदेष्ट्याने लिहिले. हे कर्तृत्व आज मान्य नसले, तरी ह्या वर्गीकरणामागील दृष्टी अर्थपूर्ण आहे. संदेष्टा म्हणजे केवळ भविष्य वर्तविणारा नव्हे. चालू घटनांचा ईश्वराच्या दृष्टीने अर्थ सांगणारा, असा त्याचा मूळ अर्थ असून ह्या अर्थाने हे इतिहासकारही संदेष्टेच होत.

पराभवाचा प्रश्न : ह्या लेखनाला अंतिम रूप कोणत्या परिस्थितीत आले, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. उत्तरेकडील इस्राएलचे राज्य असिरियाच्या आक्रमणात इ. स. पू. ७२२ च्या सुमारास नष्ट झाले. दक्षिणेकडील यहुदाची राजधानी यरुशलेम इ. स. पू. ५८६ मध्ये (काहींच्या मते ५८७) बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने उद्ध्वस्त केली, मंदिर जाळले आणि राजघराण्यासह अनेकांना बंदिवान करून नेले. देश, राजा व मंदिर हे तिन्ही आधार एकाच वेळी नाहीसे झाले.

प्राचीन पश्चिम आशियात युद्ध हे देवांचेही युद्ध समजले जाई. ज्याचे राष्ट्र हरले, त्याचा देव हरला, असा निष्कर्ष विजेत्यांना सहज काढता येई. तेव्हा बंदिवासातील यहुदी लोकांसमोर दोनच मार्ग दिसत होते : बाबिलोनचा मार्दुक यहोवाहून बलवान आहे असे मानावे, किंवा यहोवाने आपल्याला टाकून दिले असे मानावे. इतिहासकारांनी तिसरे उत्तर दिले. यहोवा हरला नाही. नबुखद्नेस्सर हे त्याच्याच हातातील साधन होते. त्याने आपल्या लोकांशी केलेला करार लोकांनीच मोडला आणि कराराच्या अटींप्रमाणे त्यांना दंड झाला. ह्या उत्तरामुळे पराभूत लोकांचा देव साऱ्या राष्ट्रांच्या इतिहासाचा नियंता ठरला; राष्ट्र नष्ट होऊनही धर्म टिकून राहिला.

देवाच्या कोपामुळे राष्ट्रावर संकट येते, ही कल्पना केवळ इस्राएलची नव्हती. १८६८ मध्ये मृत समुद्राच्या पूर्वेस धीबान येथे सापडलेल्या शिलालेखात मवाबाचा राजा मेशा (इ. स. पू. नववे शतक) हाही मवाबाच्या दास्याचे कारण कमोश देवाचा कोप असेच सांगतो. फरक पुढे आहे. मेशाच्या लेखात देव का कोपला, ह्याचा उलगडा नाही आणि विजयानंतर सर्व श्रेय राजाला व त्याच्या देवाला मिळते. इस्राएलच्या लेखकांनी कोपाचे कारण शोधले, ते नैतिक व धार्मिक नियमांच्या भंगात पाहिले आणि सर्वांत मोठा दोष बहुतेक वेळा राजाच्याच पदरी टाकला.

करार व न्याय : ह्या न्यायाचे मापदंड अनुवाद ह्या पाचव्या नियमग्रंथातून आले आहेत. एकाच यहोवाची निष्ठेने उपासना करावी, ती एकाच स्थळी करावी, मूर्ती करू नये. पाळल्यास भूमी लाभेल, मोडल्यास ती गमवावी लागेल, हे त्याचे सार होय. योशीया राजाच्या कारकीर्दीत, इ. स. पू. ६२२ मध्ये मंदिरात जो ‘नियमशास्त्राचा ग्रंथ’ सापडल्याची हकिकत राजे ह्या पुस्तकात आहे, त्याचा अनुवाद ह्या ग्रंथाशी निकटचा संबंध आहे, असे मत डब्ल्यू. एम. एल. डे वेट ह्या जर्मन पंडिताने १८०५ मध्ये मांडले आणि ते बव्हंशी मान्य झाले. मार्टिन नोट ह्याने १९४३ मध्ये असे प्रतिपादिले, की अनुवादापासून राजेपर्यंतची पुस्तके ही बंदिवासाच्या काळात एकाच लेखकाने जुन्या साधनांतून रचलेली सलग कृती आहे.

हा न्याय शास्ते ह्या पुस्तकात एका चक्राच्या रूपाने दिसतो. लोक अन्य दैवतांच्या मागे जातात, शत्रूच्या हाती पडतात, आक्रोश करतात, यहोवा एखादा शास्ता उभा करून त्यांना सोडवितो, देशाला विसावा मिळतो आणि शास्त्याच्या मृत्यूनंतर पुन्हा तेच घडते. राजे ह्या पुस्तकात चक्राची जागा निवाड्याने घेतली आहे. प्रत्येक राजाचा राज्यकाल सांगून, तो यहोवाच्या दृष्टीने बरा की वाईट, हे ठरावीक शब्दांत नोंदविले जाते. उत्तरेकडील राजांपैकी ह्या कसोटीस जवळजवळ कोणीच उतरत नाही; कारण पहिला राजा यराबाम याने बेथेल व दान येथे स्थापिलेली सोन्याची वासरे त्यांनी हटविली नाहीत. यहुदाच्या राजांत हिज्कीया व योशीया ह्या दोघांनाच निर्भेळ प्रशंसा लाभली आहे.

ह्या कसोटीमुळे राजकीय महत्त्वाला किती गौण स्थान मिळते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे अम्री. शोमरोन ही राजधानी वसविणाऱ्या ह्या राजाच्या घराण्याचे नाव असिरियाच्या लेखांत इस्राएलच्या राज्याला, त्या घराण्याच्या अस्तानंतरही, लावलेले आढळते. राजे ह्या पुस्तकाने त्याची बोळवण मोजक्या वचनांत केली आहे. त्याचा पुत्र अहाब याने इ. स. पू. ८५३ मध्ये कार्कारच्या लढाईत असिरियाविरुद्ध २,००० रथ व १०,००० पायदळ उतरविल्याची नोंद शल्मनेसर तिसरा याच्या शिलालेखात आहे. बायबलमध्ये ह्या लढाईचा उल्लेखही नाही. अहाबाबद्दल तेथे सविस्तर सांगितले आहे, ते नाबोथ नावाच्या एका सामान्य माणसाच्या द्राक्षमळ्याविषयी. राजवाड्यालगतचा तो मळा राजाला हवा होता. नाबोथ वडिलोपार्जित जमीन देईना. तेव्हा ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करविला. एलीया संदेष्टा मळ्यातच राजाची गाठ घेऊन त्याला खुनाचा जाब विचारतो. दोन हजार रथांपेक्षा एक मळा मोठा ठरावा, अशी ही इतिहासदृष्टी आहे. आजच्या संशोधकाला तीत माहितीची उणीव जाणवते. परंतु राजाचे मोठेपण कशाने मोजावे, ह्या प्रश्नाचे तिने दिलेले उत्तर तितक्याच गंभीरपणे विचारात घ्यावे लागते.

भूमी व संहार : आधुनिक वाचकाला सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग यहोशवा ह्या पुस्तकात आहे. कनानमधील नगरे ‘हेरेम’ म्हणून, म्हणजे देवाला अर्पण समजून, तेथील स्त्री-पुरुष व मुलांसह नष्ट करण्याची आज्ञा तेथे ईश्वराच्या नावावर दिली आहे. मेशाच्या शिलालेखातही हाच शब्द व हीच प्रथा आढळते. पुरातत्त्वीय पुराव्यावरून हा संहार वर्णिल्याप्रमाणे घडला नसावा, असे दिसते. कॅथलीन केन्यन हिने १९५२ ते १९५८ ह्या काळात यरीहो येथे केलेल्या उत्खननात त्या काळातील तटबंदीचे नगर आढळले नाही. आय हे स्थळ ज्या एत-तेल टेकडीशी जोडले जाते, तीही तेव्हा ओसाड होती. इस्राएल नावाचा जनसमूह कनानमध्ये होता, याचा सर्वांत जुना बाह्य उल्लेख ईजिप्तचा राजा मेर्नेप्ता याच्या सु. इ. स. पू. १२०८ च्या शिलालेखात मिळतो. पण तो देशात कसा आला, हे त्यावरून कळत नाही.

घटना घडली नसेल, म्हणून तिच्यातील विचाराचा प्रश्न सुटत नाही. अनेक अभ्यासकांच्या मते ही वर्णने मूर्तिपूजेपासून पूर्ण अलिप्त राहण्याचा आग्रह धरणाऱ्या उत्तरकालीन लेखकांनी गतकाळावर आरोपिली आहेत. हे मान्य केले, तरी दुसऱ्या लोकसमूहाचा नाश ईश्वराला प्रिय आहे असे सांगणारे शब्द धर्मग्रंथात राहिले आणि पुढील काळात भूमी बळकावणाऱ्यांनी त्यांचा आधार घेतला, हे नाकारता येत नाही. मात्र हे पुस्तक आपल्याच आज्ञेला ठिकठिकाणी अपवाद नोंदविते. यरीहोची राहाब ही वेश्या व तिचे कुटुंब वाचते. गिबोनचे लोक युक्तीने करार करून वाचतात. आणि लुटीतील वस्तू लपविणारा यहुदा वंशातील आखान मात्र सहकुटुंब मारला जातो. यरीहोसमोर उपसलेली तलवार घेऊन उभ्या असलेल्या दिव्य सेनापतीला यहोशवा विचारतो, की तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या. आणि तो दोन्ही पक्ष नाकारतो. शास्ते ह्या पुस्तकाच्या अखेरीस तर हेच संहाराचे शस्त्र इस्राएल लोक स्वतःच्या बन्यामीन वंशावर चालवितात आणि मग त्याबद्दल शोक करतात. निवडलेले लोक व नाकारलेले लोक यांच्यातील रेषा वंशाची नाही, हे लेखकाला माहीत आहे; पण त्याचे पूर्ण परिणाम तो स्वीकारीत नाही.

राजसत्ता : ईश्वर हाच खरा राजा असेल, तर मानवी राजाचे प्रयोजन काय, हा शमुवेलच्या पुस्तकांतील मध्यवर्ती प्रश्न आहे. शास्ते ह्या पुस्तकातच गिदोन राजपद नाकारतो आणि योथाम झाडांच्या दृष्टांतातून राजपदाची थट्टा करतो : फळे देणारी झाडे राज्य नको म्हणतात आणि काटेरी झुडूप ते स्वीकारते. उलट, त्याच पुस्तकाच्या शेवटी राजा नसल्यामुळे माजलेल्या अनाचाराचे वर्णन आहे. लोक राजा मागू लागतात, तेव्हा शमुवेल त्यांना राजा काय काय हिरावून घेईल ह्याची यादी ऐकवितो : मुलगे, मुली, शेते, जनावरे व शेवटी स्वातंत्र्य. तरीही यहोवा त्यांची मागणी मान्य करतो. राजपदाला अनुकूल व प्रतिकूल अशा दोन परंपरा येथे शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. त्यांचा मेळ घालण्याची घाई संपादकाने केलेली नाही.

दावीदाच्या कथेत हा ताण शिगेला पोहोचतो. दावीद यहोवासाठी घर, म्हणजे मंदिर, बांधू इच्छितो. नाथान संदेष्ट्याच्या मुखाने यहोवा उत्तर देतो, की तूच माझ्यासाठी नव्हे, तर मीच तुझ्यासाठी घर, म्हणजे घराणे, उभारीन. हिब्रूतील ‘बाइत’ ह्या शब्दाच्या दोन्ही अर्थांवर हे वचन बेतले आहे. येथे दिलेले अभिवचन विनाअट आहे. अनुवादातील करार सशर्त आहे. ह्या दोहोंतील विसंगती संपूर्ण इतिवृत्तात पुढे वाहत राहते. ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख असलेला इ. स. पू. नवव्या शतकातील अॅरेमाइक शिलालेख १९९३ मध्ये तेल दान येथे सापडल्यामुळे ह्या घराण्याचे ऐतिहासिकत्व बळकट झाले आहे.

अभिवचन मिळालेला हाच राजा पुढे आपल्या सैनिकाच्या, उरीयाच्या, पत्नीचा अभिलाष धरतो व त्याला रणात मारवितो. नाथान त्याला श्रीमंताने पळविलेल्या गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो. राजा क्रोधाने न्याय देतो आणि तो न्याय आपल्याच विरुद्ध आहे, हे त्याला कळते. त्यानंतरच्या घरातील बलात्कार, भ्रातृहत्या व अबशालोमचे बंड ह्यांच्या कथेत ईश्वराचा प्रत्यक्ष उल्लेख फार क्वचित येतो. लेओनहार्ड रोस्ट ह्याने १९२६ मध्ये हा भाग राज्याच्या वारसाहक्काची स्वतंत्र कथा म्हणून वेगळा काढला. चमत्काराशिवाय, माणसांच्या लोभ-मत्सरांतूनच ईश्वराचा न्याय कसा घडतो, हे दाखविणारा हा भाग विचारदृष्ट्या ह्या साऱ्या लेखनातील सर्वांत परिपक्व म्हणावा लागेल.

मंदिर व ईश्वराचे सान्निध्य : ईश्वर कोठे राहतो, ह्या प्रश्नाचेही एकच उत्तर ह्या ग्रंथांत नाही. शमुवेलच्या आरंभी इस्राएल लोक कराराचा कोश विजयाची हमी म्हणून रणांगणावर नेतात. पलिष्टी लोक त्यांचा पराभव करून कोशच पळवितात. ईश्वराला साधन म्हणून वापरता येत नाही, हा पहिला धडा. पलिष्ट्यांच्या देवळात त्या कोशासमोर दागोनाची मूर्ती कोसळते आणि कोश आपोआप परत येतो. लोक हरले तरी देव हरत नाही, हा दुसरा. बंदिवासातील वाचकाला ह्या जुन्या कथेत आपलीच कथा दिसली असेल.

शलमोन मंदिराचे समर्पण करताना म्हणतो, की ज्याला आकाशही पुरत नाही, तो ह्या घरात कसा मावेल. मग मंदिराचा उपयोग काय? तेथे ईश्वराचे ‘नाव’ राहील, आणि त्या दिशेला तोंड करून केलेली प्रार्थना तो स्वर्गातून ऐकेल. परदेशात बंदिवान झालेल्यांचीही ऐकेल. मंदिराच्या उद्घाटनाच्या प्रार्थनेतच मंदिराविना उपासना कशी करावी, ह्याची तरतूद येथे केली आहे. ती बंदिवासाच्या काळात लिहिली गेली असावी, असे अनेक विद्वान मानतात. सभास्थानाभोवती उभा राहिलेला पुढील काळातील ज्यू धर्म ह्या विचाराशिवाय संभवनीय नव्हता.

मंदिराविषयीच्या फाजील विश्वासाला इ. स. पू. ७०१ च्या घटनेने खतपाणी घातले. त्या वर्षी असिरियाच्या सन्हेरीब राजाने यहुदावर स्वारी केली. त्याच्या कोरीव इतिवृत्तात तटबंदीची ४६ नगरे घेतल्याचा, २,००,१५० लोक नेल्याचा आणि हिज्कीयाला यरुशलेममध्ये कोंडल्याचा उल्लेख आहे. नगर घेतल्याचा नाही. राजे ह्या पुस्तकात दैवी दूताने असिरियन सेनेचा संहार केल्याची कथा आहे. पण तिच्या आधी हिज्कीयाने शरण जाऊन ३०० किक्कार रुपे व ३० किक्कार सोने खंडणी दिल्याचेही तेच पुस्तक सांगते. सन्हेरीबाच्या लेखातही सोन्याचा आकडा ३० च आहे. सुटकेच्या कथेला बाधा येईल म्हणून खंडणीची नोंद गाळली गेली नाही, ही बाब ह्या लेखकांच्या वृत्तीवर प्रकाश टाकणारी आहे.

सूत्राच्या मर्यादा : आज्ञापालनाने समृद्धी व आज्ञाभंगाने नाश, हे सूत्र राष्ट्राच्या शेवटच्या शतकाला लावताना लेखकाची अडचण होते. सर्वांत दुराचारी ठरविलेला मनश्शे ५५ वर्षे निर्विघ्न राज्य करतो. सर्वांत धर्मनिष्ठ ठरविलेला योशीया इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे ईजिप्तच्या नखो राजाच्या हातून मारला जातो. तोही, हुल्दा ह्या स्त्री-संदेष्ट्याने त्याला शांतीने पुरले जाण्याचे आश्वासन दिले असताना. राजे हे पुस्तक मनश्शेच्या पापामुळेच पुढे यहुदाचा नाश झाला असे सांगते. मात्र योशीयाच्या मृत्यूवर कोणतेच भाष्य करीत नाही. उलट प्रकारचा अपवाद यराबाम दुसरा याचा आहे. ४१ वर्षे राज्य केलेल्या ह्या राजाला ‘वाईट’ ठरवूनही, इस्राएलचे क्लेश पाहून यहोवाने त्याच्याच हातून त्यांची सुटका केली, असे लेखक लिहितो. दया येथे न्यायाच्या सूत्राबाहेर पडते.

ही अडचण ‘दिब्रे हय्यामीम’ (दिवसांच्या घडामोडी) अर्थात इतिहास ह्या पुस्तकाच्या कर्त्याला सहन झाली नाही. इराणी अंमलात, बहुधा इ. स. पू. चौथ्या शतकात लिहिताना त्याने शमुवेल व राजे हीच पुस्तके आधारास घेतली; पण प्रत्येक पिढीला तिच्याच कर्माचे फळ तत्काळ मिळते, असे दाखविण्यासाठी त्यांत फेरफार केले. त्याच्या कथनात मनश्शे बाबिलोनला बंदिवान होऊन जातो, पश्चात्ताप करतो व परत येतो. दीर्घ राज्याचे कारण सापडते. योशीया मरतो तो नखोच्या मुखातून आलेला ईश्वराचा शब्द न ऐकल्यामुळे. दावीदाचे बथशेबाप्रकरण व अबशालोमचे बंड गाळले जाते. दावीदाने केलेल्या शिरगणतीचे उदाहरण विशेष बोलके आहे. शमुवेलमध्ये कोपलेला यहोवाच त्याला ती करावयास लावतो आणि मग तिच्याबद्दल शिक्षा करतो. इतिहास ह्या पुस्तकात यहोवाची जागा सैतानाने घेतली आहे. ईश्वराच्या चांगुलपणावरील आक्षेप टळतो, पण ज्या गूढाला जुना लेखक सामोरा गेला होता, ते नजरेआड होते.

तरीही ह्या लेखकाला केवळ सारवासारव करणारा मानणे अन्यायाचे होईल. पूर्वजांच्या पापाचे ओझे आपल्या माथी आहे, असे समजणाऱ्या पिढीला प्रत्येक काळी नव्याने आरंभ करता येतो, हे त्याला सांगावयाचे होते. त्याची ‘इस्राएल’ची कल्पनाही उदार आहे. त्याचा हिज्कीया उत्तरेकडील लोकांना वल्हांडण सणासाठी यरुशलेमला बोलावितो. शोमरोनचे लोक यहुदाच्या बंदिवानांना वस्त्रे व अन्न देऊन, अशक्तांना गाढवांवर बसवून परत पोहोचवितात. ह्या पुस्तकाचे स्वतंत्र वैचारिक व्यक्तिमत्त्व सारा याफेत ह्या इस्रायली विदुषीने साक्षेपाने उलगडून दाखविले आहे.

परतीनंतरचे लेखन : इ. स. पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबिलोन जिंकले. त्याच्या १८७९ मध्ये सापडलेल्या मृत्तिका-लेखात मार्दुकाने त्याला निवडल्याचे म्हटले आहे. एज्राच्या पुस्तकात हेच कार्य यहोवाचे आहे. एकच विजय दोन धर्मांनी आपापल्या देवाच्या नावे नोंदविला. एज्रा-नहेम्या ह्या पुस्तकांत चमत्कार नाहीत. आज्ञापत्रे, याद्या व तटाची बांधणी आहे. परक्या सम्राटाच्या मर्जीतून ईश्वर कार्य करतो, असा त्यांचा विश्वास आहे. अल्पसंख्य समाजाचे अस्तित्व राखण्याची त्यांची चिंता मात्र परजातीय स्त्रियांना मुलांसह घराबाहेर काढण्यापर्यंत जाते. त्याच संग्रहात रूथची कथा आहे. मवाबी लोकांना यहोवाच्या मंडळीत प्रवेश नाही, असे अनुवादाचा नियम सांगतो. रूथ ही मवाबी विधवा निष्ठेच्या बळावर प्रवेश मिळविते आणि दावीदाची पणजी ठरते. हे पुस्तक एज्राला उत्तर म्हणूनच लिहिले की नाही, याविषयी मतभेद आहेत. पण वाचकाच्या हाती दोन्ही पडतात आणि त्याला निवाडा करावा लागतो. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात तर ईश्वराचे नावही नाही. समाजाच्या संहाराचा डाव दोन माणसांच्या धैर्याने व काही योगायोगांनी उधळला जातो. ग्रीक भाषांतरात प्रार्थना व ईश्वराचे नाव घालून ही उणीव भरून काढण्यात आली.

अभ्यासाच्या दिशा : नोटच्या मते राजे ह्या पुस्तकाचा लेखक केवळ अंताचा अर्थ सांगत होता, त्याला पुढची आशा नव्हती. गेरहार्ट फोन राट ह्याने १९४७ मध्ये दावीदाला दिलेल्या अभिवचनाकडे लक्ष वेधून त्याला उत्तर दिले. हान्स व्हाल्टर व्होल्फ ह्याने १९६१ मध्ये ‘परत फिरणे’ हा ह्या लेखनाचा गाभा मानला. फ्रँक मूर क्रॉस ह्याने १९७३ मध्ये पहिली आवृत्ती योशीयाच्या काळातील व आशावादी, तर दुसरी बंदिवासातील, असा दुहेरी संपादनाचा सिद्धांत मांडला. आज ह्या लेखनाची सलगताच काही अभ्यासक नाकारतात. वादाचे एक मूळ राजे ह्या पुस्तकाच्या शेवटच्या चार वचनांत आहे. बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ५६१ च्या सुमारास, यहोयाखीन राजाला बाबिलोनच्या तुरुंगातून काढून राजाच्या पंक्तीला बसविण्यात आले, एवढे सांगून पुस्तक थांबते. यहोयाखीनाला व त्याच्या पाच मुलांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद असलेल्या बाबिलोनमधील विटा १९३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत. ही आशेची खूण आहे की केवळ शेवटची बातमी, हे लेखकाने सांगितलेले नाही.

महाराष्ट्रातील पडसाद : राजे ह्या पुस्तकातील एलीया हा संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात नेला गेला, मेला नाही, अशी कथा असल्यामुळे ज्यू परंपरेत तो संकटकाळी भेटणारा मानला गेला. कोकणातील बेने इस्राएल समाज एलियाहू हन्नाबी ह्या नावाने त्याला विशेष मानतो. मंगल प्रसंगी व नवस फेडताना ‘मलिदा’ ह्या विधीत त्याचे स्मरण करतात, आणि अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावरील खुणा त्याच्या आगमनाच्या समजल्या जातात. अहाबाला दरडावणारा संदेष्टा येथे कृपाळू रक्षक झाला आहे. ह्या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तनेही रचली. पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन : इतिहासाला नैतिक अर्थ आहे आणि सत्ताधीशही त्या न्यायाखाली येतो, ही ह्या लेखनाची मोठी देणगी होय. पराभवातून आत्मपरीक्षण करण्याची जी शक्ती त्यातून ज्यू लोकांना लाभली, तिने त्यांना मंदिराचा दुसरा विध्वंस (इ. स. ७०) व नंतरची शतके ओलांडून नेले. पण ह्याच विचाराची दुसरी बाजू भयावह आहे. प्रत्येक दुःख हे शिक्षा असेल, तर दुःख भोगणारा प्रत्येक जण अपराधी ठरतो. दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या वंशसंहारानंतर बहुसंख्य ज्यू विचारवंतांनी हे सूत्र त्या घटनेला लावण्याचे नाकारले. ते नाकारण्याचा अधिकार त्यांना धर्मग्रंथाबाहेरून आणावा लागला नाही. योशीयाचा उलगडा न झालेला मृत्यू, निरपराध उरीया, मळ्यासाठी मारला गेलेला नाबोथ ह्या साऱ्यांची साक्ष ग्रंथातच आहे. स्वपक्षाच्या दोषांची कठोर झडती घ्यावी, परंतु दुसऱ्याच्या दुःखावर तेच माप लावू नये, हा विवेक ह्या लेखकांनी सर्वत्र पाळला नाही. तथापि तो शिकण्यासाठी लागणारी सामग्री त्यांनी जपून ठेवली. शमुवेल-राजे व इतिहास ही परस्परांना छेद देणारी दोन कथने एकाच धर्मग्रंथात पवित्र म्हणून राखली गेली, ह्यावरून गतकाळाचा अर्थ एकदाच ठरवून संपत नाही, ही जाणीव परंपरेलाही होती असे म्हणता येते.